भट्टीचा जाळ

वडिलांच्या काळापासून काचेची भट्टी कधी विझली नव्हती. विझली की आतली काच थिजून विटाच तडकतात. ताईच्या धाकट्या भावाने भट्टीच्याच जिवावर हॉटेलं घेतली, बसकंपनी घेतली, सगळ्यांची एकच कंपनी केली. "ताई, एक धंदा बसला तर दुसरे सावरून घेतील." ताईलाही ते पटलं, तिने जुनी गिऱ्हाइकं सोडून घरच्याच हॉटेलांसाठी पेले घडवले. यंदा प्रवासी आटले, तशा बसगाड्या थांबल्या, हॉटेलं ओस पडली, पेल्यांचे ढीग लागले. आज थकबाकीसाठी गॅसकंपनीवाले फाटकापाशी जोडणी तोडायला आले आणि ताई भट्टीचा व्हॉल्व्ह धरून बसली. "भट्टी तेवढी परत वेगळी कर रे." "आता वेगळं काय राहिलंय," म्हणत भावाने तिच्या हातांवर हात ठेवले. मग आधीच पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह दोघंही आणखी पिळत राहिली. समोरचा जाळ मात्र बसत गेला.