पानाच्या तबकातला ऑफसाइड

"सांगितलं तर खरं वाटायचं न्हाय, पाव्हणं. गोऱ्यांच्या पलटणीची मॅच, आनि शिट्टी कुणाच्या तोंडात? ह्या आमच्या रघुवीरच्या!"

हरिभाऊंनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि पुतण्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

"काका, पर..." रघुवीरनं तोंड उघडलं.

"गप. लाजतोय वो लई," हरिभाऊ म्हणाले.

निपाणीच्या आण्णाप्पांना ती लाज आवडली. मुलगी बघून झाली होती. त्यांची कल्याणी पोहे देऊन आत गेली होती, पण दाराआडच्या बांगड्या गप्प बसायला तयार नव्हत्या. बेळगावजवळच्या अनगोळचं घर चांगलं, मुलगा मास्तर, पत्रिका जुळलेली. अडलं होतं ते एकाच गोष्टीवर. आण्णाप्पांचा थोरला जावई कुठला सदरा घालायचा हेसुद्धा आईला विचारून ठरवी. थोरली माहेरी आली की तोंडावर हसू आणि डोळ्यांत पाणी. धाकटी तरी असल्या माणसाच्या पदरात पडू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

"मला एकच बघायचंय," ते मघाशी म्हणाले होते. "चारी बाजूंनी माणसं वरडाय लागली, तर पोरगा आपलं आपण ठरवतो का न्हाय?"

त्यावर हरिभाऊंनी ही मॅच काढली होती.

"बेळगावच्या छावणीतलं, कॅम्पातलं मैदान. गोरे एका गोलनं पुढं. खेळ संपत आलेला. अशात बेळगावच्या एका गड्यानं गोल फेडला! रघुवीरनं शिट्टी मारली ती अशी, की तिकडं कणकुंबीच्या रानात वाघ मटकन खाली बसला."

"वाघ?"

"वाघ ऱ्हाऊ द्या. बघतो तर काय, अल्याडच्या रेषेवर आमचा निशाणवाला शामू, त्याचं निशाण खाली, आनि पल्याडच्या रेषेवर गोऱ्यांच्या सार्जंटचं वर! शामू म्हणतोय गोल, सार्जंट म्हणतोय ऑफसाइड."

"ऑफसाइड म्हंजे?"

हरिभाऊंनी पानाचं तबक पुढं ओढलं. अडकित्ता फाकवून ठेवला, हा गोल. त्याच्यापुढं वेलदोडा, तो गोलकीपर. त्याच्यापुढं सुपारीचं खांड, तो त्यांचा बॅक. मग लवंग, म्हणजे आपला गडी. चुन्याची डबी हा चेंडू.

"लवंगेकडं चेंडू मारताना तिच्या पुढं त्यांची दोन माणसं पायजेत. न्हायतर ऑफसाइड. पूर्वी तीन लागायची. पाच-सहा वर्सं झाली, विलायतेतल्या साहेबानं एक कमी केलाय."

"का?"

"गोल हुईनात म्हणून."

"मग दोन तरी कशाला ठेवली?"

हरिभाऊंनी चुन्याची डबी उगीच जरा सरकवली. आण्णाप्पा तबकाकडं टक लावून बघत राहिले. पुढं घुसली ती लवंग शूर. मग शूरालाच शिक्षा? विचाराच्या नादात त्यांचा हात तबकात गेला आणि तोंडाकडं वळला.

"अहो, अहो! बॅक खाल्लासा!"

आण्णाप्पांचा जबडा जागीच थांबला. "मग आता?"

"आता नुसता वेलदोडा उरला. लवंग ऑफसाइड."

"लवंग तर जागची हलली न्हाय!"

"हलली न्हाय. तरीबी."

दाराआड कुणीतरी हसू दाबलं. आण्णाप्पांचं डोकं गरगरलं. आपल्या तंबाखूच्या वखारीत त्यांनी नाना तऱ्हेचे गुन्हेगार पाहिले होते, पण जागेवर उभा राहून गुन्हेगार झालेला एकही नव्हता.

"बरं, रघुवीररावांनी काय केलं?"

"दोघा निशाणवाल्यांना समोरासमोर येऊ दिलं न्हाय. समोर आली की माणसं इरेला पडतात. एकेकाला बाजूला घेतलं. ऑफसाइड हुता का, असं इचारलंच न्हाय! इचारलं, तुम्ही कुठं उभं हुता? सार्जंट म्हणाला, बॅकच्या सरळ रेषेत. शामू म्हणाला, बॅकच्या सरळ रेषेत."

"म्हंजे दोघंबी खरे?"

"दोघंबी!"

"आनि एक खोटा?"

"तेच तर!"

आण्णाप्पांनी कपाळ चोळलं. सुपारी गिळावी की परत ठेवावी हेही त्यांना कळेना.

"गोरे इंग्रजीत शिव्या देतायत, आमचे मराठीत, कॅम्पातले दुकानदार कानडीत. आनि तेवढ्यात गोल घातलेला खुळा पुढं आला. आमच्याच पक्षाचा, बरं का! म्हणतोय, साहेब, मी ऑफसाइड हुतो."

"साहेब? आपल्या रघुवीररावांना?"

"शिट्टी ज्याच्या तोंडात, तो साहेबच की वो," हरिभाऊ घाईनं म्हणाले.

रघुवीरच्या हातातला पेला तबकाला लागून वाजला. हरिभाऊंचा हात पुन्हा त्याच्या गुडघ्यावर पडला, आणि ह्या वेळी तिथंच राहिला.

"स्वतःचा गोल स्वतःच घालवला?" आण्णाप्पा पोट धरून हसले.

"खुळाच! त्याच्या पोरांनी दंडाला धरून मागं वढलं, तोंड दाबलं, आया-भैनी काढल्या. काय ऐकंना. शेवटी गोल रद्द झाला. आम्ही हरलो. पोरांनी त्याला टांग्यात घेतलं न्हाय. चिखलानं भरलेला तसाच एकटा चालत घरला गेला."

आण्णाप्पांचं हसू ओसरलं.

"मग हरिभाऊ, ठरवलं कुणी? ह्यांनी, का त्या खुळ्यानं?"

"शिट्टी ह्यानं वाजवली की!"

"ते झालं. पर ठरवलं कुणी?"

"सोडा वो पाव्हणं. असल्या खुळ्याला कोण पोरगी देणार हाय?"

दार करकरलं. कल्याणी उंबऱ्यात उभी होती. आई मागून पदर ओढत होती. कल्याणीच्या हातात साखरेची वाटी होती.

"आप्पा, काका खोटं सांगतायत," ती म्हणाली. "शिट्टी गोऱ्या साहेबाच्या तोंडात हुती. कॅम्पातल्या मावशीच्या माडीवरनं मी सगळी मॅच बघितलीया. तो खुळा म्हंजे हेच."