मागून चालणारी पोर

गावात आजही चिटपाखरू नव्हतं. छपरांवर वेल चढले होते, चौकात एक बस आडवी पडली होती आणि भिला आप्पा पडक्या दवाखान्याच्या दारात दम खात उभा होता. मागे नेहमीसारखी ती पोर. पाठीवर पिशवी, मान खाली.

"चाल माय," आप्पा पुटपुटला आणि त्यानं रिमोटचं बटण दाबलं.

खेळ नवनीतचा, आप्पाच्या मुलाचा. जग बुडाल्यानंतरचा. एक म्हातारा आणि एक पोर, दोघांनी चालत समुद्र गाठायचा. वाटेत लांडगे, लुटारू, उपासमार. नवनीत देवाघरी जाऊन वर्ष झालं, पण म्हसावदच्या घरात माडीवर त्याचा टीव्ही तसाच होता. दुपारचं जेवण झालं की आप्पा गुडघे धरत वर चढायचा आणि पोराचा हेडफोन कानाला लावायचा. हेडफोनची एक काडी तोंडापुढे यायची. ती कशाला असते ते त्यानं कुणाला विचारलं नाही. या वयात खेळतो म्हणून लोक हसतील, तर हसोत बापडे.

खेळाबद्दल आप्पाची मतं पक्की होती. बनवणाऱ्यानं शेत बघितलेलं नाही. गहू उभ्यानं वाळतोय आणि ही माणसं शिळे डबे हुडकत फिरताहेत, याला काय अर्थ आहे? पण पोर मात्र झकास बनवली होती. पहिले एक-दोन दिवस ती जागची हलली नाही. नवा बैलही लगेच जुवाखाली चालत नाही, म्हणून आप्पानं धीर धरला. मग चालायला लागली ती लागलीच. जखम झाली की मागायच्या आत पट्टी द्यायची. कधी त्याच्या पुढे म्हणून गेली नाही.

एकच खोड होती. चालता चालता मध्येच थिजायची. लांडगा अंगावर आला तरी ढिम्म. मशीन तापत असेल, असं धरून आप्पा काठी घेऊन तिची राखण करत थांबायचा. थोड्या वेळानं ती हलायची आणि त्याला हायसं वाटायचं.

खाली घरात चारुलता होती, नवनीतची बायको. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, ही या घराची जुनी रीत. आप्पाची बायको दगूबाई होती तोवर निरोप तिच्या तोंडून जायचे. ती वारल्यावर सून दाराआडून मांजरीला सांगायची, "मने, आप्पास्ले सांग, ताट वाढेल शे." आप्पा खांबाकडे तोंड करून म्हणायचा, "आज भूक नही." आणि मग मुकाट्यानं जेवायला बसायचा. एका छपराखाली दोन दुखरी माणसं, पण एकमेकांना शब्द नाही.

उद्या चारुलताचा भाऊ भूपेश तिला न्यायला येणार होता. त्यानं तिच्यासाठी शिरपूरकडचा एक बिजवर पाहून ठेवला होता. चारुलताला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. विचार करून करून आप्पाचं डोकं शिणलं होतं.

दवाखान्यापुढे मोडका पूल लागला. उतारावर आप्पाचे हात भरून आले. त्यानं खेळातल्या म्हाताऱ्याला कठड्याशी बसवलं.

"मी थकनू, पोरी," तो टीव्हीला म्हणाला. "तुले सांगाले काय हरकत शे? तू काय कोनले सांगाव नही."

पोर मागे उभी होती.

"लगीन व्हयनं अन् सूननं नर्सिंग अर्धंच राह्यनं. पुस्तकं तिनी आजून पेटीत ठेवेल शेतस. तिनी नंदुरबारले जावं, ते पूरं करवं, आपला पायवर उभं ऱ्हावं. मंग लगीन करो, नही ते नको करो, तिनी मर्जी. पन मी सांगू कसा? भूपेश म्हनी, सासराले सूनना पगारवर फुकटनी भाकरी पाहिजे."

पोर हळूच पुढे आली आणि पहिल्यांदाच त्याच्या शेजारी बसली. आप्पाला गलबलून आलं. पोटच्या पोराला कळलं नसतं ते मशीनला कळलं, असं त्याला वाटलं. मग त्यानं खेळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी भूपेश जीप घेऊन आला. ओसरीवर चहा झाला. आप्पानं सकाळपासून मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. आज बोलायचंच, काय व्हायचं ते होवो.

"आप्पा, तुम्हीच मोठा शेतस," भूपेश म्हणाला. "तुम्ही सांगशात तसं."

आप्पानं तोंड उघडलं. लोक काय म्हणतील, या एका धास्तीनं जुळवलेलं सगळं पार विस्कटलं.

"तुन्ही बहीन शे," तो म्हणाला. "ली जाय."

आणि खांबाकडे वळून त्यानं कसंबसं म्हटलं, "बॅग भरी ले म्हना." स्वतःची त्याला इतकी लाज वाटली की मान वर होईना.

आतली भांड्यांची खुडबूड थांबली. चारुलता उंबरा ओलांडून बाहेर आली. पदर डोक्यावर तसाच होता, पण ती मांजरीकडे बघत नव्हती.

"भाऊ, मी येवाव नही," ती म्हणाली. "मी नंदुरबारले जासू, नर्सिंग पूरं करसू. आप्पास्नीच सांगं माले."

भूपेशनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "आप्पा ते आत्तेच ली जाय म्हनतस. अन् तुन्हासंगे त्या जल्मात एक शब्द बोलनात नहीत. कवय सांगं तुले?"

चारुलतानं पदराखालून कानातली वायर काढली आणि सावकाश मोबाईलभोवती गुंडाळली. मोबाईलच्या पडद्यावर तीच पोर होती, पाठीवर पिशवी, मान खाली.

"काल," ती म्हणाली. "पूल उतरतांना."