सोलांजचं ठरलं

“जायला माझी ना नाही,” मिसेस ब्रिग्स म्हणाल्या. “पण निघण्याआधी आज इथे तुझं काय आहे, काय नाही, ते एकदा नीट बघ. खरं खरं. स्वतःला फसवू नकोस.”

सोलांजने काहिलीवरची मळी काढता काढता नुसती मान हलवली. मेपलच्या झाडांचा गोड रस सकाळपासून चुलाणावर उकळत होता. गुऱ्हाळ वाफेने भरलं होतं. त्या गोड, पांढऱ्या वाफेत मिसेस ब्रिग्स मधूनच दिसायच्या, मधूनच नुसता त्यांचा आवाज यायचा. व्हरमाँटच्या डोंगरात मार्च महिन्यात सगळंच असं होतं. बाहेर धुकं, आत वाफ, आणि माणूस दोन्हींच्या मध्ये कुठेतरी.

“आणि पापांचं काय?” सोलांजने विचारलं.

“त्यांना काय धाड भरलीय? आणि मी आहे ना खालच्या अंगाला. शेजारी मग असतात कशाला?”

बॉस्टनला सोलांज एका बेकरीत पाव भाजायची. मग लग्न मोडलं, त्याच वर्षी आई गेली, आणि एक बॅग घेऊन ती पापांकडे आली. चार दिवसांसाठी. ते चार दिवस संपलेच नाहीत. आता मेन राज्यातल्या एका बेटावरून मैत्रिणीचं पुन्हा बोलावणं आलं होतं. तिच्या खाणावळीला पाव करणारं कुणी हवं होतं. ‘ये गं, समुद्र अगदी दारात आहे,’ असं ती दर हिवाळ्यात म्हणायची, आणि सोलांज दर हिवाळ्यात म्हणायची, ‘पापा एकटे पडतील.’

दार ढकलून पापाच आत आले. हातात लाकडांचा भारा.

“मिसेस ब्रिग्स, पोरीला बोलण्यात गुंतवू नका. पाक करपेल.”

“मिस्टर थिबो, तुमच्या पाकापेक्षा माझं बोलणं गोड आहे. हे घ्या, डोनट आणलेत. आणि काकडीचं लोणचं. आधी लोणचं खा, तोंड जरा ताळ्यावर येईल.”

पापा हसले. “जा सोलांज, वरच्या झाडांच्या बादल्या बघून ये,” ते म्हणाले. “काहील मी सांभाळतो.”

ती वर चढली. धुक्यात झाडं एकेक करून समोर यायची, ओळख दिल्यासारखी थांबायची आणि मागे विरघळून जायची. बुंध्याला टांगलेल्या बादल्यांत रसाचे थेंब पडत होते. टप. टप. बाकी आवाज नव्हता.

ती एका ओंडक्यावर बसली. खरं खरं बघायचं, तर मग बघूच, असं तिने मनाशी म्हटलं.

पापांना तिची गरज होती का? ते स्वतःची लाकडं स्वतः फोडत. स्वयंपाक तिच्यापेक्षा बरा करत. आजारी तर तीच पडायची, आणि सूप तेच करून द्यायचे. मग ती कुणासाठी थांबली होती?

उत्तर ठाऊक होतं. आजवर तिने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं, इतकंच. ती भ्यायली होती. एकदा बाहेर जाऊन सगळं विस्कटलं होतं, पुन्हा विस्कटेल म्हणून ती म्हाताऱ्याच्या कोटाआड लपली होती, आणि वर त्यालाच उपकार म्हणून दाखवत होती.

तिला रडू आलं. तिने ते येऊ दिलं. डोंगरावर बघायला कोण होतं?

रडणं ओसरल्यावर एक नवल झालं. भीती बाजूला केली की खाली समुद्र दिसेल, असं तिला वाटलं होतं. तिने डोळे मिटून बेट आठवून पाहिलं, पण दिसली ती मैत्रिणीने पाठवलेली चित्रं. दुसऱ्याची. तिच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे आलं ते हेच. कुठलं झाड आधी पाझरतं, कुठलं रुसतं, हे तिला माहीत होतं. गावातल्या दुकानात शनिवारी तिच्या पावांसाठी लोक दार उघडण्याआधी येऊन उभे राहत. सकाळी खिडकीवरचं दव पुसलं की डोंगर आधी अर्धा दिसायचा, मग पुरा.

तिला जायचंच नव्हतं. आली होती भिऊन, राहिली होती भिऊन, पण आत कधीतरी मूळ धरलं होतं, आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बादल्या तशाच ठेवून ती उतरत निघाली. बर्फात गुडघ्यापर्यंत पाय जात होते. एकदा ती पडली आणि एकटीच हसली. कितीतरी वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

गुऱ्हाळात दोघं बाकावर बसली होती. ती आत येताच पापा उठून काहिलीपाशी गेले.

“बघितलंस?” मिसेस ब्रिग्सनी विचारलं.

“बघितलं. पापा, मी तुमच्यासाठी थांबले नव्हते. मी भीत होते. तुम्हाला ढाल केलं मी. माफ करा मला.”

पापांचा झारा हातातच राहिला. “बरं,” ते हळूच म्हणाले. “मग आता?”

“आता भीती गेली. म्हणून सांगते, मी कुठेही जात नाही. हेच माझं घर. हे गुऱ्हाळ, ही झाडं, सगळं मी बघीन. आता मनापासून.”

तिने त्यांना मिठी मारली. त्यांच्या कोटाला धुराचा वास होता. त्यांचा हात तिच्या पाठीवर फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग तिच्या खांद्यावरून ते म्हणाले,

“ऑगस्टा, ऐकलंस?”

ऑगस्टा कोण, हे सोलांजला क्षणभर कळेचना.

“ऐकलं,” वाफेतून मिसेस ब्रिग्सचा आवाज आला. “पोरगी स्वतःच्या पायावर उभी राहिली की मगच आपण दोघांनी इथून निघायचं, असं तूच म्हणत आलास इतकी वर्षं. राहिली उभी. चल लुसियां, आता आपण जाऊ.”