तळटिपेतलं भाषण

माजी आमदार भगवंतरावांचं चरित्र लिहिणारी तेजस्विनी त्यांना हस्तलिखित वाचून दाखवत होती. दोन प्रकरणं त्यांनी जांभया देत ऐकली. मग तिनं एक तळटीप वाचली: 'पंच्याण्णवच्या प्रचारात साहेब डिंगोऱ्यात मासवडीचं जेवण करून जे झोपले, ते उठलेच नाहीत. सभेत त्यांच्याऐवजी ड्रायव्हर अमजद बोलला.'

भगवंतराव पोट धरून हसले. त्यांचा मुलगा अमृत मात्र चिडला. "मॅडम, ही टीप काढा. आबांची लई बदनामी व्हईल."

"एक शब्द काढायचा न्हाई," भगवंतराव डोळे पुसत म्हणाले. "त्याआधी दोन निवडणुका मी स्वतः भाषणं ठोकली आन् दोन्हींत पडलो. अमजद बोलला, तवा कुठं आमदार झालो."