शंभरातले अठरा

"तुमची सुनावणी कोणाकडे लागलीय?" शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने विचारलं. त्याच्या गुडघ्याला पट्टा होता आणि तोंडाला विसावा नव्हता.

रोवीनाने नवऱ्याकडे पाहिलं. एल्बर्ट भिंतीला टेकून उभा होता. बसलं की पाठ धरायची, उभं राहिलं की पाय.

"हार्गिस साहेबांकडे," शेवटी तीच म्हणाली.

माणसाने शीळ घातली. "शंभरातले अठरा."

"म्हणजे?"

"शंभर जण आले तर अठरा जणांची अपंग पेन्शन मंजूर करतो तो. बाकीचे घरी. कॉम्प्युटरवर असतं बाई सगळं, कुठला न्यायाधीश किती जणांना देतो ते. मला पलीकडच्या खोलीतली बाई मिळालीय. शंभरातले साठ!" लॉटरी लागल्यासारखा तो हसला. "किती थांबलात तारखेसाठी?"

"एकवीस महिने."

रोवीना उठली, पाण्याच्या नळापाशी गेली आणि पाणी न पिताच परत आली. तेवढ्यात त्यांची वकील, मिस प्रुइट, जाडजूड फाइल घेऊन आली. आवाज खाली आणून म्हणाली, "एल्बर्ट, आज मर्दपणा नको. दुखतं तर दुखतं म्हणा. आणि रोवीनाची साक्ष…"

"ती बोलणार नाही," एल्बर्ट म्हणाला. "सव्वीस वर्षं खाणीत छत कोसळू नये म्हणून बोल्ट मारलेत मी. माझं मी सांगेन."

आणि आत गेल्यावर त्याने सांगितलं ते असं.

"दिवसभर घरी काय करता?" हार्गिस साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"काही ना काही चालू असतं."

"कपडे वगैरे?"

"घालतो की."

"एका जागी किती वेळ बसवतं?"

"बसतो. थोडाफार."

मिस प्रुइटचं पेन थांबलं. टेबलाखाली रोवीनाचा गुडघा नाचत होता. तिने तो हाताने दाबून धरला, तर दुसरा नाचू लागला.

मग सुनावणीला फोनवरून जोडलेला नोकऱ्यांचा तज्ज्ञ बोलला. एल्बर्टला अजून कुठली कामं जमतील, ते सांगणं हेच त्याचं काम. गाड्यांच्या तळावर टपरीत बसून पावत्या फाडणं. दुकानातल्या कॅमेऱ्यांच्या पडद्यावर नजर ठेवणं. "अशा नोकऱ्या देशात हजारोंनी आहेत," तो वाण्याची यादी वाचावी तसा म्हणाला.

हार्गिस साहेबांनी फाइल मिटायला घेतली.

"साहेब, मी बोलू?"

रोवीना उभी होती. आपण कधी उठलो, तिलाच कळलं नव्हतं.

"रोवी, खाली बस," एल्बर्ट म्हणाला.

"नाही बसत."

तिला शपथ दिली. ती साहेबांकडे बघेना, नवऱ्याकडेही बघेना. टेबलावरच्या पाण्याच्या भांड्याकडे बघत बोलू लागली.

"हा अंगातला शर्ट मी घातलाय. आंघोळ मी घालते. संडासातसुद्धा मीच जाते त्याच्याबरोबर. मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. फेब्रुवारीत दुपारी तीनला घरी आले, तर हा जमिनीवर. सकाळी दहाला पडलेला. दार उघडं होतं, शेजाऱ्याला हाक मारता आली असती. पण हा सरपटत गेला आणि दार लावून घेतलं. कोणी बघू नये म्हणून. मला म्हणतो, जरा टेकलो होतो."

एल्बर्टचे कान लालभडक झाले होते. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

"हे असं केव्हापासून?" साहेबांनी विचारलं.

"तारीख मागितली तेव्हा बटणं तो स्वतः लावायचा, साहेब. वर्षभराने वरची दोन राहायला लागली. आणि तुमची तारीख हातात पडली तोवर…" तिने दोन्ही तळवे उघडे केले. "मधे आम्ही काही केलं नाही. नुसती वाट बघितली."

साहेब बराच वेळ लिहीत राहिले. मग म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही. निकाल टपालाने येईल."

बाहेर आल्यावर रोवीनाने मिस प्रुइटचा दंड धरला. "हे चांगलं का वाईट?"

"यांचं काही सांगता येत नाही. दोन महिने लागतील. कदाचित तीन."

गाडी डोंगरातून वळणं घेत निघाली. रोवीनाची बोटं स्टिअरिंगवर ताल धरल्यासारखी आपटत होती.

"एल्बर्ट, मी…"

"रस्त्याकडे बघ."

आणखी दहा मैल गेले. घाटाखालचं खानावळीचं वळण आलं आणि तो अचानक म्हणाला, "थांबव. भूक लागलीय."

दीड वर्षात तो कुठल्याच खानावळीची पायरी चढला नव्हता. तिने विचारलं की म्हणायचा, आपण घरीच खाऊ. आत कोपऱ्यातल्या टेबलावर त्याच्याच पाळीतले तिघे जुने खाणकामगार बसले होते. एकाने टोपी उचलली. "काय रे एल्बर्ट, बरा आहेस ना?"

एल्बर्टने मान हलवली. हो म्हणाला की नाही, कोणालाच कळलं नाही.

रश्श्यातलं मांस आलं. त्याने काटा उचलला. काटा बोटांतून सुटून ताटावर खणखणला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. कोपऱ्यातलं बोलणं थांबलं. रोवीनाने आपले हात मांडीखाली दाबून ठेवले. आजच्या दिवसापुरतं तिने पुष्कळ केलं होतं.

एल्बर्टने काटा खाली ठेवला आणि ताट तिच्याकडे सरकवलं.

"बारीक काप," तो म्हणाला. कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.