मिठाची टोपली

नवरा गेल्यावर होसगडचं राज्य राखणाऱ्या राणी लिंगाजम्मांविरुद्ध त्यांचा धाकटा भाऊच उठला होता. सेनापतीने आज त्याचं मुंडकं मिठाच्या टोपलीत दरबारात आणलं. कालपर्यंत त्याला चोरून निरोप धाडणारे सरदार पुढे होऊन त्यावर पानाची पिंक टाकू लागले. त्याच्या बारशाला पाळणा रचणाऱ्या तिम्मकवीने आता त्याच्या मरणावर हिडीस कवन गायलं. सगळे खदाखदा हसले. लढाईचा हुकूम राणींचाच होता, पण त्या हसल्या नाहीत. “छान जमलंय, कविराज. चला, आमच्या अव्वांनाही म्हणून दाखवा.” “आईसाहेबांना? नको, म्हातारं माणूस...” “का? आत्ता तर घसा मोकळा होता.” राणी गादीवरून उतरल्या, पदराने भावाचा चेहरा पुसला आणि टोपली उचलून आईकडे निघाल्या. दृष्टी गेलेल्या आईने पावलं ओळखली. “एकटीच आलीस, लिंगे?” “नाही अव्वा, दोघं आलोय.”