बाकी एक डोस

वेदनाशामक औषधाच्या बाटलीत एक मिलिलिटर औषध असायचं, आणि एका डोसला लागायचं शून्य पूर्णांक एक दशांश. दहा डोस दिले की बाटली रिकामी. हॉस्पिटलचा कॉम्प्युटर मात्र म्हणत होता, प्रत्येक बाटलीत एक डोस उरायलाच हवा. असे चाळीस डोस गायब होते, आणि कपाटाची किल्ली मोठ्या सिस्टरांकडे. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांची चौकशी लागली होती.

तपासणीसाठी बोलावलेल्या प्रोग्रामर मुलीने सगळ्यांसमोर टाइप केलं: एकाला शून्य पूर्णांक एक दशांशाने भागलं तर बाकी किती? पडद्यावर आलं, ०.०९९९९...

"अगं, बाकी शून्य यायला हवी!" सिस्टर म्हणाल्या.

"हो ना. पण ह्या कॉम्प्युटरला शून्य पूर्णांक एक दशांश नेमका मांडताच येत नाही, केसभर मोठा धरतो. मग दहावा डोस बसत नाही आणि अख्खा बाकीत जातो. औषध कधी उरलंच नव्हतं, सिस्टर."

अधीक्षकांनी चौकशी तिथेच मिटवली. सिस्टरांचा जीव भांड्यात पडला. घोटभर पाणी पिऊन त्या एकदम थबकल्या. "हा प्रोग्राम कधीपासून आहे?"

"दोन वर्षं झाली."

त्यांनी फोन लावला. "मी बोलतेय गं. गेल्या वर्षी तुला चोर ठरवून नोकरीवरून काढलं, त्या कागदावर माझीही सही होती. तू काहीच घेतलं नव्हतंस. आज सिद्ध झालं."

पलीकडे बराच वेळ नुसते हुंदके. मग आवाज आला, "थांबा सिस्टर, स्पीकरवर टाकते. बाबांनाही ऐकू दे."